चिंचोक्यांची रांग

मुन्शीचाचाच्या घराला लागून पिंजाऱ्याचं दुकान व्हतं. सकाळी ऊन भिंतीवरून खाली उतरलं की त्याच्या धनुकलीचा आवाज सुरू व्हायचा, तो सांजपर्यंत. धुंग, धुंग, धुंग. कापसाची फुसं उडत उडत चाचाच्या ओसरीवर यायची, वहीवर बसायची, चाचाच्या दाढीत बसायची. दाढी पांढरी आन कापूस बी पांढरा, मंग कोणतं काय ते कळायचं नाय. मला हसू यायचं. चाचा चष्म्यावरून बघायचे अन् म्हणायचे, "हंसो मत बेटा, मरनेवालों के नाम हैं." मी तोंड दाबून पुढचं नाव लिवायची.

नात लिहून घेते हे सगळं. ती इचारते, आजी, कोणतं साल? मला साल ठाऊक नाय. पोलीस ॲक्शन होऊन दोन-तीन उन्हाळे गेले असतील. नोटांवरची अक्षरं बदलली व्हती, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या व्हत्या. आता तर गावाचं नाव बी बदललं. पर माझ्या तोंडाला औरंगाबादच येतं, जिभेला वळण पडलंय, तिला आता काय म्हणावं.

आमचं घर शहागंजाच्या मागं, चिंचगल्लीत. एकच खोली, पुढं पत्र्याची पडवी. गल्लीच्या तोंडाला मोठी चिंच, तिच्यावरनंच गल्लीला नाव पडलं. बाप मी पाच वर्साची असतानाच गेला. माय पिशोरची. ती वाकळा शिवायची आन बाळंतपणं करायची. सुईण म्हणून काय तिचा पिढीचा धंदा नव्हता. पिशोरला माझी आजी गावातल्या बायांना मोकळ्या करायची, तिच्या हाताखाली बसून मायनं उचललं. चिंचगल्लीत कोणाच्या बी पोटात कळ आली की पोरगं पळत यायचं, "पिशोरवाली मावशी, चला." माय चुलीवरची भाकर उलटवून माझ्या हातात द्यायची आन जायची. येताना पदरात शेरभर जवारी, कधी खण, कधी नुसताच नारळ. घरी आली की पहिलं गरम पाण्यानं हात धुवायची, मंग मला इचारायची, "भाकर करपू दिली का गं?" बस. लेकरू झालं का, काय झालं, हे तिच्या तोंडावरनंच ओळखायचं.

जेवण म्हणजे भाकर आन अंबाडीची भाजी, नायतर लाल मिरचीचा ठेचा. पावसाळ्यात रानातल्या तरवट्याचा पाला. चिंचोके भाजून आम्ही खायचो, वरचं टरफल दातांनी सोलायचं, आत कडक गर. दिवसभर गालात धरला तरी सरायचा नाय. भूक मारायला त्याच्यासारखं दुसरं काय नाय. सांगायचं एवढ्यासाठी की माझ्या परकराच्या ओच्यात कायम पसाभर चिंचोके असायचे, आन पुढं जे झालं ते त्या चिंचोक्यांनीच केलं.

मुन्शीचाचा निजामाच्या वक्ताला जलम-मौतीच्या कचेरीत व्हते. गल्लीगल्लीतला जमादार सांगत यायचा, अमक्याच्या घरी लेकरू झालं, तमक्याच्या घरी म्हातारी गेली. चाचा ते वहीत लिवायचे, सगळं उर्दूत. ॲक्शननंतर कचेरी मराठी झाली. नवा साहेब आला, त्यानं सांगितलं, जुन्या वह्या मराठीत उतरवून द्या. पर चाचाची अन् त्यांच्या आधी वह्या लिवणाऱ्या उस्तादाची घसट अक्षरं दुसऱ्या कोणाला वाचता येईनात. आन चाचाला मराठी बोलायला पक्कं यायचं, लिवायला एक अक्षर येईना. दोन्ही लेक हैदराबादेला निघून गेलेले. मंग एक दिस ते आमच्या दाराशी आले. आत आले नायत, उंबऱ्याच्या बाहेरच उभं राहून म्हणाले, "बाई, आपकी सुभद्रा तिसरीपर्यंत शिकलीय ना? माझ्याकडं दुपारी पाठवा. मी वाचीन, ती लिहील."

माय बराच येळ वाकळीला टाका घालत बसली. मंग म्हणाली, "पाठवते." आन ते गेल्यावर मला म्हणाली, "जा. पर तिथं पाणी पिऊ नको."

हे चाचीला न सांगताच कळलं व्हतं. ती मला कधी पाणी इचारायची नाय. फुटाणे आन गूळ द्यायची, कागदावर. म्हणायची, "सूखा है, चलता." किती समजूतदार बाई. पुढं तिच्या हातची खिचडी अन् खट्टा मी ताटात ताट घालून खाल्ला, पाणी बी तिच्याच कटोऱ्यानं पिले. पर त्या वर्सी मी फुटाणे खायची आन तहान लागली की पळत घरी यायची. चाची बघायची, बोलायची नाय.

तर आम्ही बसायचो. चाचा बोट ठेवून वाचायचे, "शेख करीम वल्द शेख चांद, मोहल्ला भिस्तीवाडा, उमर पचास, बुखार." मी लिवायची, ताप. "गंगाराम वल्द तुकाराम, चिंचगल्ली, उमर साठ, बुखार." ताप. दुसऱ्या दिशी बी ताप, तिसऱ्या दिशी बी ताप. मी इचारलं, "चाचा, समदे तापानंच मेले का?"

चाचानी चष्मा काढून पुसला. "नाय बेटा. जमादार सांगायचा, मर गया. मी इचारायचो, कैसे? तो म्हणायचा, बदन गरम था. मरताना कुणाचं अंग गरम होत नाय? बुखार लिहिणं सोपं व्हतं." आन चष्मा परत लावून म्हणाले, "जिंदगीभर मी सोपं लिहिलं."

आता चिंचोक्यांचं सांगते. आमच्या गल्लीला लागून, हौदाच्या पलीकडं भिस्तीवाडा. पखालवाल्यांची वस्ती. हौद दोन्ही वस्त्यांचा एकच, पाणी एकच, पर भांडणं रोजची. आमच्या बाया म्हणायच्या, भिस्तीवाड्यात घाण लई, तिथं माणसं माशासारखी मरतात. तिकडची एक पोर मला हौदावर म्हणली, "तुमारी गल्लीत बच्चे मरते." मी तिची घागर ढकलून दिली. आन ठरवलं, चाचाच्या वहीतनं मोजून दाखवायचं. लिवता लिवता बाजूला दोन ढीग करायला लागले. भिस्तीवाड्याचं नाव आलं की चिंचोका डावीकडं, चिंचगल्लीचं आलं की उजवीकडं. आठ-दहा दिसांत डावा ढीग एवढा मोठा झाला की मला लई आनंद झाला. माणसं मेल्याचा आनंद. लेकराला काय कळतं.

"चाचा, बघा. तिकडं जास्त मरतात."

चाचा त्या ढिगाकडं बघत राहिले. मला वाटलं, रागावले. ते म्हणाले, "भिस्तीवाड्यात घरं किती?"

"लई."

"चिंचगल्लीत?"

"थोडी."

"मंग? मोठ्या हांडीत जास्त चावल असतात, म्हणून त्यातले जास्त करपले असं म्हणशील का? आधी हांडी बघ." आन त्यांनी जलमाच्या वह्या काढल्या. म्हणाले, म्हाताऱ्यांचं सोड, म्हातारे सगळीकडं जातात, लेकरांचं बघू. जेवढी लेकरं जलमली तेवढे चिंचोके रांगेत लाव. मंग मौतीच्या वहीत ज्याच्यापुढं 'बेनाम' लिवलंय तेवढे उचल.

बेनाम म्हणजे काय ते सांगायला पायजे. आपल्यात बाराव्या दिशी पाळण्यात घालून नाव ठेवतात. त्याच्या आधी गेलं तर त्याला नाव नसतं. वहीत त्याचं असं यायचं, "बेनाम, लेकरू अमक्याचं, उमर आठ दिन, बुखार." नाव नाय म्हणून सुतक बी धड धरायचे नायत. माय-बाप बोलायचे नायत, शेजारी इचारायचे नायत. जमादारानं सांगितलं तेवढंच वहीत राहायचं.

दोन रांगा लावायला आम्हाला चार दिस लागले. ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पिंजाऱ्यानं धनुकली थांबवून डोकावलं, म्हणाला, "क्या मुन्शीजी, पोरीसंगं चिंचोके खेळायला लागले?" चाचा म्हणाले, "हौ भाई, पेन्शन मिलनेवाली नहीं, तो खेल ही सही." मंग मी एकेक बेनाम उचलत गेले. भिस्तीवाड्याची रांग लांब राहिली, मधी एखादी फट. आमची रांग आखूड, आन म्हाताऱ्या माणसाच्या तोंडासारखी झाली. दोन दात, एक फट, एक दात, परत फट.

 पाणी तर एकाच हौदाचं. भाकरीबी सारखीच, गरिबीबी सारखीच.

चाचानी उस्तादाच्या जुन्या वह्या काढल्या, त्यांच्या लहानपणापासूनच्या, पानं पिवळी, कोपरे वाळवीनं खाल्लेले. पलेगच्या टायमाच्या बी त्यात व्हत्या, गाव सोडून लोक शेतात झोपड्या घालून राहिलेले तवाच्या. त्यातनं परत रांगा लावल्या. आमच्या गल्लीच्या फटी तशाच, तवाच्या बी. पर भिस्तीवाड्याच्या रांगेत बी त्या काळी तेवढ्याच फटी. मंग एका वहीपासून त्यांच्या फटी कमी होत गेल्या, आमच्या मातर राहिल्या. चाचा दाढीतला कापूस काढत बसले, त्यांना बी कळेना.

चाची आतनं म्हणाली, "इसमें क्या पहेली है? तब से बीजान खाला आई. मेरी ननद मोमिना के निकाह के बाद. मेरा पहला उसके पहले गया, बाकी सब उसके हाथ के."

बीजान खाला म्हणजे भिस्तीवाड्याची दाई.  चाचानी पिवळ्या वहीची पानं उलटली, एका ठिकाणी बोट थांबलं. मला दाखवलं नाय, वाचलं बी नाय. पर चाची दारात येऊन उभी राहिली व्हती, तिनं त्यांच्या बोटाकडं बघितलं. "बुखार लिखा है?" तिनं इचारलं. चाचानी मान हलवली. "बुखार नहीं था," चाची म्हणाली. "जबडा बंद हो गया था. दूध नहीं ले सका." आन आत जाऊन तिनं पीठ मळायला घेतलं.

जबडा बंद झाला हे मी कितींदा ऐकलं व्हतं. आमच्या गल्लीत त्याला सटवाईनं तोंड बांधलं म्हणायचे. चांगलं रडणारं लेकरू, सहाव्या-सातव्या दिशी दूध ओढायचं थांबायचं, मंग अंग कमानीसारखं वाकायचं, आठव्याला खलास. माझ्या थोरल्या बहिणीची, गोदाआक्काची, दोन लेकरं तशीच गेली व्हती. दोन्ही येळला बाळंतपण माझ्या मायनं केलं व्हतं.

आन आक्का तिसऱ्या येळला माहेरी आली व्हती, नववा लागला व्हता. आणायला माय गेली तवा तिच्या सासूनं वेशीपर्यंत येऊन सांगितलं, "हे बी गेलं तर तिकडंच ठिवून घ्या. आमी दुसरी बघितलीय." आक्का हे मला सांगताना रडली नाय. पडवीत बसून ती गव्हाच्या काड्यांची दुरडी विणत व्हती. म्हणाली, "सुभे, मला काय वाटतं सांगू? ह्यानं पोटातच राहावं. आत तरी ते माझं हाय."

त्या दिशी मी चाचाकडनं घरी आले. ओच्यात पहिल्या खेपेला उचललेले चिंचोके, आमच्या गल्लीचे. चिंचगल्लीत दुसरी सुईण नव्हती. त्याच्या आधी बी आजीच्या वळणाचीच एक म्हातारी व्हती, तिच्या जागी माय आली. म्हणजे काय ते माझ्यासारख्या पोरीला बी समजलं. पर हे मायला कोण सांगणार? आठ दिस तसेच गेले. जेवताना घास फिरायचा.  मायनं इचारलं, "तिथं पाणी प्यालीस काय गं? तोंड असं काऊन केलंय?"

शेवटी एका दुपारी माय भाकरी थापत व्हती, आक्का बाहेर चिंचेखाली गेली व्हती, तवा मी सांगून टाकलं. रांगेचं, फटीचं, पिवळ्या वहीचं, बीजान खालाचं. मायचा हात थांबला नाय. भाकर तव्यावर पडली.

"सटवाई लिवते ते आपल्या हातात नाय," ती म्हणाली.

"मंग सटवाई भिस्तीवाड्यात काऊन जात नाय?"

मला वाटलं, आता उलथनं बसतंय पाठीत. तिनं भाकर उलटली, शेकली, टोपलीत ठेवली. हात पुसले. मंग माझ्यापुढं पदर पसरला. "आण ते."

मी ओचा रिकामा केला. माय एकेक चिंचोका उचलून दुसरीकडं ठेवायला लागली. "हा भागाबाईचा पहिला. हा तिचाच मधला. हा सोनाराच्या सुनेचा, गोरा व्हता. ही तांबटाची पोर, पायाळू आली व्हती, मोकळी केली तवा समदे म्हणाले, वाचली. हा तुझा भाऊ. हा बी तुझाच, तुझ्या आधीचा." मला दोन भाऊ झाले व्हते हे मला तवा कळलं. वहीत ज्यांना नाव नव्हतं त्या सगळ्यांना ती घरावरनं, रंगावरनं, रडण्यावरनं ओळखत व्हती. शेवटचे दोन तिनं हातातच धरले. ते कोणाचे ते ती बोलली नाय, आन मी बी इचारलं नाय, कारण आक्का दुरडी घेऊन दारात येऊन उभी व्हती.

त्या संध्याकाळी कोणी जेवलं नाय. माय एवढंच म्हणाली, "हात तर माझेच व्हते." पुन्हा हे वाक्य तिच्या तोंडनं कधी ऐकलं नाय.

दुसऱ्या दिशी सकाळी तिनं धुतलेलं लुगडं नेसलं, शेरभर जवारी आन नारळ पदराखाली घेतला, आन मला म्हणाली, "चल, घर दाखव." भिस्तीवाड्यात आमची बाई कधी जायची नाय. लोक पखाली खाली ठेवून बघायला लागले. बीजान खाला बाजेवर बसून पान कुटत व्हती, दात एक नाय, डोळे मातर मांजरीसारखे.

"क्या पिशोरवाली," ती म्हणाली, "रस्ता भूल गई?"

"भुलले नाय. लेकीसाठी आले."

"तेरी लेकी कू तू है ना?"

"माझ्या हातानं दोन गेले तिचे." मायनं नारळ बाजेवर ठेवला. "खाला, तुम्ही काय करता ते मला सांगा."

खालानं पान कुटायचं थांबवलं. मंग सरकून बाजेवर जागा केली. "बैठ. नाळ कशानं काटते तू?"

"इळ्यानं. घरातलाच असतो."

"धोती?"

"पुसते की."

"मैं चूल में रखती. लाल होने तक. जिन लोहे की आग से भागता, मेरी नानी बोली थी." खालानं कुटलेलं पान गालात धरलं. "ऊपर क्या लगाती?"

"गोवरीची राख. नायतर शेणाचा बारीक भुगा. रक्त थांबतं."

"मैं कुछ नहीं लगाती. धुली चिंदी, उकळलेल्या पाण्यातली. बस."

"शेण नाय? काऊन?"

"काऊन म्हणजे? गाय तुमच्या घरी. मेरे घर में तो बकरी है."

माय हसली. मला आठवतं तेवढ्यात बाप गेल्यावर पहिल्यांदा हसली. खाला बी हसली, पानाचा लाल रस हनुवटीवर आला. पुढं किती वर्सांनी दवाखान्यातल्या एका नर्सबाईनं मला समजून सांगितलं की तो धनुर्वात, शेणातनं अन् गंजल्या लोखंडातनं बाळाच्या नाळेत जातो. जिनाभुताचा काय संबंध नाय. पर मी त्या नर्सबाईला म्हणलं, बाई, खालाला कारण चुकीचं ठाऊक व्हतं, काम बरोबर ठाऊक व्हतं. आमच्याकडं कारण बी चुकीचं आन काम बी.

आक्काला कळा आल्या त्या सकाळी, चहाच्या टायमाला. मी पळत खालाला घेऊन आले. गल्ली दारादारात. भागाबाई मोठ्यानं म्हणाली, "सुईणीच्या घरी दुसरी सुईण? आन ती बी तिकडची?" माय दारातनंच म्हणाली, "न्हाव्याची दाढी दुसराच न्हावी करतो, भागाबाई. व्हा बाजूला." खाला आत आली, भिंतीला टेकून बसली आन पान लावायला लागली. मायला वाटलं, ती पुढं व्हईल. ती म्हणाली, "तू कर. तेरे हाथ अच्छे हैं. खराबी हाथ में नहीं थी, इळ्यात थी. मैं बैठती."

हे वाक्य तिनं मायला दिलं ते मी जलमभर इसरले नाय. दुसरी कोणी असती तर मिरवली असती.

इळा चुलीत ठेवायचं काम माझं. पातं काळं, मंग जांभळं, मंग लाल झालं. चिमट्यानं काढून उकळत्या पाण्यात धरला तसा चर्र आवाज झाला आन आत लेकरू रडलं, एकाच टायमाला. पोरगा. मायनं नाळ बांधली, कापली, चिंदी गुंडाळली. कोपऱ्यात राखेचं मडकं तसंच झाकलेलं. तिचा हात सवयीनं तिकडं गेला बी व्हता. खालानं नुसतं "अंहं" केलं. माय थांबली.

मंग ते आठ दिस. मी काय सांगू त्या आठ दिसांचं. पाचव्या दिशी सटवाईची पूजा केली, पाटा मांडला, कोरा कागद आन बोरू ठेवला. मायनं हात जोडले आन म्हणाली, "बाई, ह्या खेपेला लिवताना नीट बघ." सहाव्यापासून आम्ही तिघी एकच आवाज ऐकत बसलो, दूध ओढल्याचा. चुटुक, चुटुक. तो थांबला की तिघी बी वाकून बघायचो. लेकरू झोपलेलं असायचं, पर आक्का त्याच्या हनुवटीला बोट लावून बघायची, तोंड उघडतं का. सातव्या दिशी मी चाचाकडं गेले. चाचानी वही उघडली, पहिलंच नाव बेनामचं आलं. त्यांनी वही मिटली. "आज नक्को," म्हणाले. चाचीनं फुटाणे दिले, मी खाल्ले नायत. तिनं पहिल्यांदा मला जवळ ओढून घेतलं. तिच्या ओढणीला हळदीचा अन् लसणाचा वास व्हता.

आठव्या दिशी माय सकाळपासून उंबऱ्यावर बसली, दाराला पाठ लावून, जशी कोणी आत येणार व्हतं आन तिला येऊ द्यायचं नव्हतं. वाकळ नाय, सुई नाय, पाणी बी नाय. ऊन पडवीतनं भिंतीवर चढलं. हौदावर घागरी वाजल्या, पिंजाऱ्याचं दुकान बंद झालं, मशिदीतनं बांग झाली, देवळातली घंटा झाली. दिवे लागायच्या टायमाला आतनं लेकरू एवढ्या जोरात रडलं की भागाबाई तिच्या घरातनं ओरडली, "अगं पाजा की त्याला." आक्कानं पदराखाली घेतलं. चुटुक, चुटुक. माय उठली, गुडघे धरून उठली, आन म्हणाली, "पीठ काढ गं सुभे. भूक लागली."

बाराव्या दिशी बारसं झालं. हरी नाव ठेवलं. खाला आली, चाची आली, भागाबाई बी आली आन खालाच्या शेजारीच बसली, कारण तिची सून पोटुशी व्हती. चाचा बाहेर चिंचेखाली उभे राहिले. त्यांनी माझ्या हातात एक कागद दिला. त्यावर मराठीत लिवलेलं, हरी. वाकडं, पहिलीतल्या पोरावानी, पर सोताच्या हातानं. दुपारभर मी लिवायची तवा ते बघत असायचे, त्यातनं उचललेलं. म्हणाले, "पूरी किताब में बेनाम ही बेनाम लिखे. एक तो नाव लिहू दे."

आक्काची सासू पाळणा घेऊन आली. तोंडाला लाज नव्हती, पर पाळणा चांगला व्हता, सागवानी. आक्का परत नांदायला गेली, पुढं तिला अजून दोन झाले. हरी आता आजा झालाय, पिशोरला त्याची अद्रकीची शेती हाय, हिवाळ्यात पोतंभर आणून टाकतो आन म्हणतो, मावशे, चहात टाक. त्याला हे सगळं अर्धंच ठाऊक हाय.

मायनं त्यानंतर मरेपर्यंत बाळंतपणं केली. इळा लाल केल्याबिगर नाळेला हात लावला नाय. आमच्या बाया इचारायच्या तवा सांगायची, सटवाईला तापलेलं लोखंड लागतं. भिस्तीवाड्यातल्या बायांना सांगायची, जिन पळतो. खाला गेल्यावर त्या बी तिलाच बोलवायच्या. मी तिच्या हाताखाली शिकले. लई जणी माझ्या हातानं मोकळ्या झाल्या. माझं शिक्षण तिसरीच, पर मला कोणी अडाणी म्हणलं तर राग येत नाय, कारण मला जे शिकवलं ते कोणत्या शाळेत बी नव्हतं. उपकार कोणाकोणाचे मोजू? एकानं मोजायला शिकवलं, एकीनं लाज न वाटता सांगितलं, आन मायनं ऐकलं. ऐकणं लई अवघड असतं.

चाचा गेले ते पुढं बऱ्याच वर्सांनी, दम्यानं. माझं लगीन होऊन मी उस्मानपुऱ्यात राहायला गेले व्हते. चाचीचा निरोप आला तशी मी आले. लेक हैदराबादहून पोचायचे व्हते. चाची म्हणाली, "बेटा, कचेरी में लिखा के आ. तुझे पढना आता." मी गेले. तीच कचेरी, तेच कपाट, नवा कारकून. त्यानं नाव लिवलं, मोहल्ला लिवला, वय लिवलं. मरणाच्या कारणापुढं माझ्याकडं न बघताच त्यानं लिवायला घेतलं, ता.

"ताप नाय," मी म्हणलं. "दमा व्हता. बारा वर्सं व्हता. दमा लिवा."

"काय फरक पडतो, बाई?"

"लई पडतो."

त्यानं खोडलं आन दमा लिवलं. मंग इचारलं, "खबर देणाऱ्याचं नातं? तुम्ही त्यांच्या कोण?"

 मी म्हणलं, "माझा भाचा त्यांच्या वहीमुळं वाचला. ह्याला काय नातं म्हणतात ते तुमीच लिवा."

त्यानं मान वर केली. मागं रांग खोळंबली व्हती. मंग त्यानं लिवलं, शेजारी.

मी वाचून बघितलं. बरोबर लिवलं व्हतं.